करवीरचा रंकाळा : दंतकथा आणि प्रमाण

करवीर क्षेत्रास येणारा यात्रेकरू महालक्ष्मीचें दर्शन घेऊन पश्चिमेस निघाला म्हणजे थोड्याच वेळांत रंकाळ्याच्या काठीं येऊन पोंचतो, आणि तेथें त्याला तळ्याची हकीकत सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. ही हकीकत तीन तुकड्यांची आहे. पहिला तुकडा असा कीं, या जागीं पूर्वीं दगडाची खण होती. दुसरा असा कीं, आठव्या किंवा नवव्या शतकांत मोठा भूकंप होऊन जमीन खचली, पोटांतलें पाणी वर आलें व खणीचें तळें झालें. तिसरा असा कीं, तळ्याच्या मध्यभागीं रंकभैरवाचें देऊळ आहे व त्यावरूनच तळ्यास रंकाळा हें नांव पडलें. तें देऊळ सोन्याचें होतें अशी पुस्तीही कित्येक जोडतात. याशिवाय काठावरच्या नंदीची गोष्ट आहे, ती निराळीच. तिचा विचार पुढें करूं.

हे तुकडे आतां एका दमांत सांगितले जातात. स्थलवर्णनाच्या पुस्तकांत ते एकाच परिच्छेदांत छापले जातात, आणि वाचणाऱ्याची समजूत अशी होते कीं, ही सगळी एकाच वयाची, एकाच मुखांतून आलेली परंपरा आहे. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें आहे कीं, त्यांचीं वयें वेगळीं आहेत, त्यांचे सांगणारे वेगळे आहेत, आणि त्यांपैकीं एक तर लोकांनीं सांगितलेला नसून लोकांना सांगितलेला आहे.

प्रथम खणीकडे वळूं. या एका तुकड्यास जमिनीचीच साक्ष आहे. रंकाळ्याला लागूनच इराणी खण या नांवाचा पाण्यानें भरलेला खोल खड्डा आहे. गणेशविसर्जनाच्या निमित्तानें तो आज सर्वांच्या परिचयाचा झालेला आहे. कोल्हापुरांत ‘खण’ म्हणजे दगड काढून झालेली व मागें पाणी सांठलेली जागा, हा अर्थ लहान मुलासही ठाऊक असतो. या भागांत धोंडा काढण्याचा उद्योग चालत असे हें यावरून उघड होतें. महालक्ष्मीचें देवालय काळ्या दगडाचें, संध्यामठ काळ्या दगडाचा, जुन्या घाटांचे चिरे तसलेच. एवढें बांधकाम ज्या नगरांत झालें त्या नगराच्या वेशीबाहेर मोठी खण असणें यांत नवल कसलें? शिवाय दक्षिणेंतील काळ्या खडकाचा स्वभावच असा आहे कीं, थरांच्या सांध्यांतून व भेगांतून पाणी झिरपत असतें. खण त्या सांध्याच्या खालीं गेली कीं पाथरवटाला पाणी उपसत बसावें लागतें. उपसणें परवडेनासें झालें कीं तो खण सोडतो. दोन पावसाळ्यांत तिचें तळें होतें. त्यास भूकंप लागत नाहीं. मूळ जागा सखल असली व आसपासच्या उंचवट्यावरून ओहोळ येत असले तर पाणी पसरून मोठा जलाशय बनतो, आणि त्याच्या कडेला बांध घालून मनुष्य तो आणखी मोठा करतो.

आतां भूकंपाचा तुकडा. येथें दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही कथेच्या पोटांतूनच निघतात.

पहिली अडचण शतकाची. आपल्या खेड्यापाड्यांतील कोणतीही दंतकथा घ्या. ती ‘पांडवांनीं एका रात्रींत बांधलें’ असें म्हणेल, ‘रावणानें येथें लिंग ठेविलें’ असें म्हणेल, फार तर ‘भोज राजाच्या वेळीं’ म्हणेल. ‘आठव्या किंवा नवव्या शतकांत’ असें कोणतीही आजी नातवाला सांगत नाहीं. ख्रिस्ती शतकांनीं काळ मोजणें, आणि त्यांतही ‘किंवा’ घालून पंडिती संकोच दाखविणें, ही छापील पुस्तकांची रीत आहे. कोल्हापूरविषयीं इंग्रजी अमदानींत लिहिल्या गेलेल्या वर्णनांत मेजर ग्रॅहॅमचा १८५४ चा अहवाल व मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८६ चा कोल्हापूर खंड हे दोन ग्रंथ पुढच्या बहुतेकांचे आधार झाले. अशा लेखनांतून एका विद्वानाचा तर्क शाळेच्या पुस्तकांत उतरला, तेथून वर्तमानपत्रांत, आणि तेथून काठावर भेळ विकणाऱ्याच्या तोंडीं आला. आतां तो परंपरा म्हणून परत आपल्याच कानीं येतो. लेखी मजकुराची अशी तोंडी परंपरा बनणें ही आपल्या इकडे मुळींच दुर्मिळ गोष्ट नाहीं. बखरींच्या अभ्यासकांस याचे दाखले देण्याची गरज नाहीं.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. करवीरांत अशीही परंपरा सांगतात कीं, शिलाहार राजा गंडरादित्य यानें तीनशें साठ जैन बस्ती बांधविल्या व त्यांस लागणारा दगड याच खणींतून निघाला. तीनशें साठ हा आंकडा अर्थातच वर्षाच्या दिवसांचा आहे, मोजदादीचा नाहीं. पण गंडरादित्य हा काल्पनिक पुरुष नव्हे. त्याचे लेख उपलब्ध आहेत, आणि तो बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राज्य करीत होता. तेव्हां खण बाराव्या शतकांत चालू असेल तर ती आठव्या-नवव्या शतकांत पाण्याखालीं गेली कशी? आणि ती नवव्या शतकांतच तळें झाली असेल तर गंडरादित्याच्या पाथरवटांनीं दगड काय पाण्यांत बुडून काढला? एकाच तोंडानें दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात आणि ऐकणारा मान डोलवितो! यांतील एक तरी सोडलीच पाहिजे, आणि भूकंपाच्या बाजूनें तर तर्कापलीकडे कांहीं नाहीं.

तो तर्क सुचला कशावरून हें मात्र पाहण्यासारखें आहे. जुनें कोल्हापूर हें ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा वस्त्यांचें मिळून झालेलें आहे. त्यांतील खोलखंडोबाच्या नांवांतच त्याची हकीकत आहे : देऊळ भोंवतालच्या जमिनीच्या खालीं, खोल. असलीं देवळें पाहून एखाद्या युरोपीय गृहस्थास नगर जमिनींत गडप झालें असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु जुन्या पांढरीची जमीन वर चढत जाते हें आपण जाणतों. घरें पडतात, त्यांच्या मातीवर नवीं उठतात, नदीचा गाळ येऊन बसतो. पंचगंगेनें २००५ व २०१९ सालीं शहराच्या सखल भागांत काय केलें हें ज्यांनीं पाहिलें त्यांस गाळाचें सामर्थ्य वेगळें सांगावयास नको. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ सालीं सांकळिया व दीक्षित यांनीं जें उत्खनन केलें त्यांत सातवाहन काळापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक सांपडले. देऊळ खालीं गेलेलें नाहीं. गांव वर आलेला आहे.

हा वाद केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस जो भूकंप झाला तो कोल्हापुराहून शंभर किलोमीटरच्या आंतला. तेव्हांपासून या भागांत पूर्वीं केव्हां केव्हां धरणी हालली याच्या याद्या करण्याकडे भूशास्त्रज्ञांचें लक्ष लागलें आहे, आणि लेखी नोंदी तुटपुंज्या म्हणून दंतकथांकडे वळण्याचा मोह होतो. अशा यादींत ‘कोल्हापूर, आठवें-नववें शतक, जमीन खचून तळें झालें’ अशी ओळ एकदां शिरली कीं ती पुसणें कठीण. गणितास ती खरीच वाटणार. इतिहास-संशोधकानें येथें वेळींच हात आडवा घातला पाहिजे. या प्रदेशांत धक्का बसूंच शकत नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. रंकाळा हा त्याचा पुरावा नव्हे एवढेंच.

मग हें तळें बांधविलें कोणी? गंडरादित्यानें, असें सुचविण्याचा मोह पुष्कळांस होतो, कारण हा राजा तळीं बांधणारा होता यांत शंका नाहीं. तळलें येथें मिळालेल्या शके १०३२ (इ. स. १११०) च्या ताम्रपटांत त्यानें मिरिंज देशांतील इरुकुडी येथें ‘गंडसमुद्र’ नांवाचें तळें केल्याचें, त्याच्या काठीं शिव, बुद्ध व अर्हत यांची स्थापना केल्याचें व त्यांस जमिनी दिल्याचें सांगितलें आहे. एका काठावर तिन्ही देव! त्या राजाच्या औदार्याचा हा लेख आपल्या संग्रहांतील रत्नच म्हटला पाहिजे. पण तें तळें इरुकुडीचें, करवीरचें नव्हे. शिवाय नांव देण्याची रीत पहा. राजा तळें बांधतो तेव्हां त्याला आपलें नांव देतो व पुढें ‘समुद्र’ किंवा ‘सागर’ जोडतो. तळें लहान असलें तरी नांव समुद्राचें. रंकाळ्याच्या नांवांत राजाही नाहीं व समुद्रही नाहीं. माझ्या मतें यावरून एवढें अनुमान बांधण्यास हरकत नाहीं कीं, हें तळें कोणा एका राजाच्या आज्ञेनें, एका मुहूर्तावर झालेलें नसून खणीचें पाणी लोकांनींच हळूहळू वापरांत आणिलें, आणि नांवही लोकांनींच ठेविलें.

त्या नांवाचाच आतां विचार करूं, कारण मला या सर्व प्रकरणांत तोच भाग अधिक मोलाचा वाटतो.

रंकाळा हें एकटें नांव नाहीं. पद्माळा, खंबाळा, सिद्धाळा हीं कोल्हापुरांतील जुन्या तळ्यांचीं नांवें त्याच घडणीचीं आहेत. एकाच गांवांत चार तळ्यांच्या नांवांस एकच शेपूट असावें हा योगायोग नव्हे. तें शेपूटच जलवाचक असलें पाहिजे किंवा स्थानवाचक तरी. स्थलपुराणाचे कैवारी म्हणतात, हें ‘आलय’ होय : रंकालय, पद्मालय, सिद्धालय. पद्म आणि सिद्ध यांस हें शोभतें. खानदेशांत एरंडोलजवळ पद्मालय नांवाचें तळें व गणेशस्थान आहेच. पण ‘खंब’ म्हणजे खांब, त्याचें आलय म्हणजे काय? शिवाय मराठींत ‘आळा’ हें शेपूट नेहमींच आलयाचें नसतें. उन्हाळा व हिवाळा यांत तें ‘काल’ शब्दाचें आहे. कानाला एक दिसतें म्हणून व्युत्पत्ति एक होत नाहीं.

दुसरी वाट मराठींतूनच जाते. झाडाच्या बुडाशीं पाणी रहावें म्हणून जो वाटोळा खळगा करतात त्याला आपण ‘आळें’ म्हणतों. संस्कृतांतील आलवाल तो हाच. पाणी धरून ठेवणारा खळगा हा अर्थ तळ्यास अगदीं जवळचा.

तिसरी वाट कन्नडाची आहे, आणि करवीरच्या बाबतींत ती टाळून चालणार नाहीं. शिलाहारांच्या या शाखेचे पुष्कळ लेख कन्नडांत आहेत. शके १०५८ चा निंबदेव सामंताच्या दानधर्माचा कोल्हापुरचा प्रसिद्ध लेख घ्या. बाजारपेठ, व्यापारी, बस्ती यांचें जें वर्णन त्यांत येतें तें कन्नड बोलणाऱ्या नगराचें आहे. त्या भाषेंत ‘आळ’ म्हणजे खोली, खोलपणा. खणीचें तळें खोल असणारच. कांठाचें पाणी उथळ व मधलें पाणी अथांग, अशा जागेस लोकांनीं ‘आळ’ म्हटलें असेल, आणि पुढें भाषा बदलली तरी शब्द तसाच राहिला असेल. खोलखंडोबा हें नांव याच शहरांत आहे हें येथें आठवावें : तोच अर्थ, मराठी शब्दांत.

यावर कोणी म्हणेल, रंकभैरव मग कोठून आला? तो क्षेत्रपाळ म्हणून प्राचीन असेल. त्याच्या पूजेविषयीं मला वाद घालावयाचा नाहीं. परंतु देशी नांवावर संस्कृत साज चढविणें हा आपल्या माहात्म्यकारांचा व लेखकांचा आवडता उद्योग आहे. कोल्लापुर या नांवाचें जैन पंडितांनीं ‘क्षुल्लकपुर’ केलें. श्रवणबेळगोळ येथील ‘बेळ-गोळ’, म्हणजे पांढरें तळें, याचें संस्कृत लेखांत ‘धवलसरोवर’ झालें. यांतील दुसरें रूपांतर अर्थास धरून आहे, पहिलें केवळ नादावर आहे. रंकालय हें या दोहोंपैकीं कोणत्या जातीचें, हा प्रश्न आहे. माझा कौल नादाकडे झुकतो. तरी ‘रंक’ या पूर्वपदाचा उलगडा झाल्याशिवाय हा कौल पक्का मानूं नये.

नंदीची गोष्ट आतां सांगून टाकतों. काठावरचा हा नंदी दररोज गव्हाएवढा पुढें सरकतो व तांदळाएवढा मागें येतो. असा सरकत सरकत तो ज्या दिवशीं तळ्यांत पोंचेल त्या दिवशीं जगबुडी होईल. ही गोष्ट अस्सल लोकांची आहे. तिच्यांत शतक नाहीं, राजा नाहीं, तर्क नाहीं. तिची भावंडें अन्यत्र भेटतात. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेंत लिंगाभोंवतीं चार खांब होते, त्यांतला एकच उरला आहे. तो पडला कीं कलियुग संपलें असें सांगतात. आंध्रांत यागंटी येथील नंदी दिवसेंदिवस वाढत असून युगान्तीं तो हंबरेल अशी समजूत आहे. पण रंकाळ्याच्या गोष्टींत एक बारकावा आहे, तो या दोन गोष्टींत नाहीं : दाण्यांचें माप. आपल्या जुन्या मानपद्धतींत आठ यव मिळून एक अंगुल होतें, सोनें तोलण्यास गुंजा व तांदूळ चालत. धान्याच्या दाण्यानें लांबी व वजन मोजणाऱ्या लोकांनीं देवाची चालही दाण्यानेंच मोजली. आतां गहू लांब कीं तांदूळ लांब? जातीवर आहे. कोल्हापुराकडचा बुटका तांदूळ धरला तर नंदी पुढें सरकतो. लांब दाण्याचा बासमती धरला तर बिचारा दररोज मागेंच जात असेल, आणि जगबुडीचें भय नको!

पाणी उतरलेलें असतां संध्यामठ अवश्य पहावा. पावसाळ्यांत त्याचा बराच भाग पाण्यांत असतो. उन्हाळ्यांत काळ्या दगडाचे खांब व जोतें उघडें पडतें. तळ्याच्या जुन्या पातळीचा अंदाज घेण्यास याहून चांगलें साधन नाहीं. कोणी संध्येसाठीं मठ बांधतो तो पाण्याच्या काठीं बांधतो, पाण्यांत नव्हे. म्हणजे मठ उठला तेव्हां पाणी आजच्या भरल्या पातळीहून खालीं होतें, व पुढें बांध चढून तें वाढलें. तळें एका धक्क्यानें झालें नाहीं, पायरीपायरीनें मोठें झालें, हें आमचें म्हणणें या मठाच्या बुडाशीं वाचावयास मिळतें. पश्चिम काठचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळांतला, म्हणजे या हिशेबानें कालचा; त्याची शोभा पाहून पुढें जावें.

रंकाळा निदान उरला आहे. सांडपाण्यानें व जलपर्णीनें त्याला अलीकडे पुष्कळ छळलें, तरी पाणी आहे, काठ आहे, नांव आहे. त्याच्या भावंडांची स्थिति पहा. वरुणतीर्थाचें मैदान झालें, त्याला गांधी मैदान म्हणतात. कपिलतीर्थावर मंडई भरते. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागीं शाहू स्टेडियम उभें आहे. शहराच्या तीन वेशी ज्या पाण्याकडे उघडत त्या पाण्यावरूनच ओळखल्या जात : गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थवेश. वेशी गेल्या, एक तीर्थ गेलें, नांवें मात्र बसच्या पाट्यांवर आहेत. पाणी बुजवितांना कोणी त्या तळ्यांच्या गोष्टी टिपून ठेविल्या नाहींत. वरुणतीर्थाच्या काठीं नंदी होता कीं यक्ष होता, तें विचारण्यास आतां तळें नाहीं आणि सांगणारेही पिकल्या पानांपैकीं.

म्हणून संग्राहकांस एक विनंती करावयाची आहे. करवीर व आसपासच्या गुरव, जोशी, पुजारी, पाथरवट व कोळी घराण्यांच्या दप्तरांत तळ्याच्या पाण्याचे वाटे, गाळ काढण्याचे हिशेब, काठच्या इनाम जमिनींच्या चतुःसीमा व त्यांवरील तंट्यांचे महजर असण्याचा संभव आहे. असे कागद रद्दींत जाण्यापूर्वीं पहावेत, आणि त्यांत तळ्याचें नांव जसें लिहिलें असेल तसेंच, शुद्धलेखन न सुधारतां, उतरून घ्यावें. ‘रंकाळें’ असें नपुंसक रूप जुन्या मोडी कागदांत आढळलें तर आळें या शब्दाचा पक्ष बळावेल. कन्नड लेखाच्या चतुःसीमेंत ‘आळ’ सुटा सांपडला तर तिसरी वाट खरी ठरेल. आणि ‘रंकालय’ हें रूप करवीरमाहात्म्याच्या केवळ उत्तरकालीन पोथ्यांतच येत असेल, जुन्या पोथ्यांत त्या जागीं दुसरें कांहीं असेल, तर माहात्म्यकाराचा हात तेथेंच पकडतां येईल. ज्यांच्या संग्रहीं या माहात्म्याची हस्तलिखितें आहेत त्यांनीं रंकभैरवाचा अध्याय तेवढा काढून पाठभेद नोंदवावेत. काम दोन तासांचें आहे.